भाडेकरूची साक्ष

पहिल्या दिवशी काकांनी प्रवास कसा झाला हे विचारलं नाही. दार उघडलं, माझ्या दोन बॅगा पाहिल्या आणि म्हणाले, "ये. यंदा हेरिंगला भावच नाही. लोकांनी हिवाळा कसा काढायचा, सांग."

हेरिंग हा मासा असतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी "हो ना" म्हणाले. माझे बाबा हिंगणघाटला एका कॉलेजात शिपाई होते. स्टाफरूममध्ये चहा नेऊन देताना साहेब लोक काहीही बोलत असले तरी मान हलवायची, अशी त्यांनी स्वतःला सवय लावून घेतली होती आणि आम्हा भावंडांनाही. खोटं बोलायचं नाही, पण कोणी विचारल्याशिवाय खरंही बोलायचं नाही. आमच्या घरातून कॉलेजात विद्यार्थी म्हणून गेलेली मी पहिली. बाबांची ती हलणारी मान माझ्याबरोबर विमानात बसून थेट नॉर्थ कॅरोलिनापर्यंत आली होती.

खोली मिळाली ती मराठी मंडळाच्या ग्रुपवरच्या एका मेसेजमुळे. काकांची मुलगी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला असते, मी त्यांना ताई म्हणते. त्यांनी लिहिलं होतं, 'बाबा कॅरीला एकटे असतात. बेसमेंटमध्ये एक रूम आहे. कोणी स्टुडंट मुलगी राहिली तर आम्हालाही बरं वाटेल.' काकू जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. काका औषधांच्या कंपनीतून रिटायर झालेले केमिस्ट. उंच, खांद्यात जरासे वाकलेले, घरातही लोकरी टोपी घालणारे. ऑगस्टच्या उकाड्यातसुद्धा.

आठवड्याभरात मला कळलं की काकांचं 'यंदा' म्हणजे अठराशे एक्क्याऐंशी.

ते असं झालं होतं. अमेरिकेत येण्याआधी, तरुणपणी, काका दोन वर्षं स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला शिकत होते. तिथली त्यांची घरमालकीण मूळची स्काय नावाच्या बेटावरची. संध्याकाळचा चहा ओतता ओतता ती आपल्या आजोबांच्या काळातल्या गोष्टी सांगायची. जमीनदारांनी गुरं चारायचा डोंगर कसा काढून घेतला, लोकांनी जमिनीचा खंड देणं कसं थांबवलं, त्यांना हुसकायला पोलीस बोटीतून कसे आले. "आणि सगळं मागच्या मंगळवारी झाल्यासारखं सांगायची," काका म्हणायचे. गोष्ट डोंगरावर पोचली होती, बायका दगड गोळा करत होत्या, तेवढ्यात काकांना इकडची नोकरी लागली. पुढचं राहिलं ते राहिलंच. मग लॅब, मुलीची शाळा, हायवे, पेटंटं.

रिटायर झाल्यावर त्यांना शोध लागला की त्या भागातलं जुनं साप्ताहिक इंटरनेटवर आख्खं वाचायला मिळतं. दुसऱ्या कोणीही एका दुपारी शेवट शोधून काढला असता. काकांनी ठरवलं, आठवड्याला एकच अंक. "त्या लोकांना पुढच्या शनिवारचा पेपर या शनिवारी मिळत होता का? मग आपल्याला कशाला?"

शुक्रवारी ते गाडी घेऊन कॉपी शॉपला जायचे आणि त्या आठवड्याचा अंक मोठ्या कागदांवर छापून आणायचे. तिकडे एप्रिल असला तर इकडेही एप्रिल. शनिवारी सकाळी मागच्या डेकवर खुर्ची टाकून, कॉफी घेऊन ते वाचायचे आणि मग दिवसभर बातम्या सांगत फिरायचे. हवा कशी आहे विचारलं तर म्हणायचे, "वादळ आहे. बोटी फुटल्या." मी खिडकीतून बघायचे, तर पाइनच्या झाडांवर स्वच्छ ऊन पडलेलं असायचं.

खरं सांगायचं तर पहिल्याच सेमिस्टरमध्ये मी पुढचं पाहिलं. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत एका पुस्तकात सापडलं. पाच-सहा पानांत सगळं होतं, शेवटासकट. त्यानंतर डेकवर काकांसमोर बसलं की मला विचित्र वाटायचं. मी भविष्यातून आलेली बाई आहे आणि मला तोंड उघडायची परवानगी नाही, असं काहीतरी. ते काळजीने म्हणायचे, "काय होईल गं यांचं?" आणि मी म्हणायचे, "बघू या ना काका."

काका तिकडे कुळांच्या बाजूचे असले तरी इकडे ते माझे घरमालक होते, आणि घरमालक म्हणून कडक होते. फोडणी देताना एक्झॉस्ट चालू हवा. थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही. वरच्या मजल्यावरचा फ्रिज त्यांचा, बेसमेंटमधला छोटा फ्रिज माझा. त्यात दुधाचा कॅन आडवा ठेवावा लागायचा. मला ते ठीक वाटत होतं. पण एका शनिवारी ते पेपर हातात घेऊनच खाली आले. चेहरा उतरलेला.

"बेन लीवर चरू देत नाहीत," ते म्हणाले. बेन ली म्हणजे तो डोंगर. "बापजाद्यांपासून चरत होती गुरं. कारभारी म्हणतो, साहेबांची इच्छा."

"वाईट झालं," मी म्हणाले.

ते माझ्या फ्रिजकडे बघत उभे राहिले. मग एकदम म्हणाले, "आजपासून वरच्या फ्रिजचा खालचा कप्पा तुझा. न विचारता यायचं, न विचारता जायचं. चराईचा हक्क समज."

तेव्हापासून मी दही घ्यायला वर गेले की ते पेपरमागून म्हणायचे, "चरा, चरा." आणि मला हाक मारायची असली तर 'भाडेकरू'. "काय भाडेकरू, चहा घेणार का?" बाबांना मी हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "चांगला माणूस दिसते. पण तू आपलं विचारूनच घेत जाय."

पहिल्या वसंतात, तिकडे ब्याऐंशी साल लागलं होतं, तेव्हाची एक सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. पाइनच्या परागांनी सगळं पिवळं झालं होतं. गाड्या, डेक, तुळशीची कुंडी, मागे दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या ओढण्या. ती दोरी काकांनी माझ्यासाठीच बांधली होती, कारण ड्रायरमध्ये माझे कॉटनचे कुडते आटायचे. पण आमच्या वस्तीच्या असोसिएशनचा नियम होता की रस्त्यावरून कपडे दिसता कामा नयेत. समोरच्या घरात राहणाऱ्या बाई त्या कमिटीवर होत्या. गोऱ्या, सत्तरीच्या, फार गोड बोलणाऱ्या. त्या नोटीस द्यायला स्वतः आल्या, नेमक्या त्या शनिवारी ज्या शनिवारी काकांनी वाचलं होतं की स्कायवर घर खाली करायच्या नोटिसा घेऊन माणूस आला, आणि लोकांनी त्याला वाटेत गाठून त्याच्याच हातून त्या जाळायला लावल्या.

काका ग्रिलवर मक्याची कणसं भाजत होते. त्यांनी नोटीस घेतली, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि अदबीने त्यांना परत दिली.

"मॅडम," ते इंग्रजीत म्हणाले, "रीत अशी आहे की नोटीस आणणाऱ्यानेच ती जाळायची." आणि ग्रिलकडे हात केला.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पायांकडे बघायला लागले.

"ही हिंदू पद्धत आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नो मॅडम. स्कॉटिश."

बाईंचा चेहरा एकदम बदलला. "माझ्या आजीचे लोक स्कॉटलंडचे होते," त्या म्हणाल्या. थोडा वेळ तो कागद हातात धरून उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी तो खरंच निखाऱ्यांवर सोडला. तो काळा होऊन वर उडाला. आम्ही तिघं मान वर करून बघत राहिलो. पिवळ्या हवेत तो काळा तुकडा बराच वेळ तरंगत होता. मग काकांनी बाईंना लिंबू-तिखट लावलेलं कणीस दिलं आणि त्यांना ठसका लागला. तीच नोटीस सोमवारी ईमेलने आली. काकांनी दोरी गॅरेजमागे हलवली, पण माघार घेतली असं कधी कबूल केलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवडे होते. काकांनी ताट बाजूला सारलं. वाढणाऱ्या काकू म्हणाल्या, "अहो घ्या ना, गरम आहेत."

"नको. तिकडे बटाटा गेलाय. सगळं पीक काळं पडलं."

"कुठे? आपला बटाटा येतो त्या आयडाहोला?"

"स्कायला."

त्या काकू पुढच्या ओळीत जाऊन दुसऱ्या काकूंच्या कानात काहीतरी बोलल्या. मला राग आला. मीही तेव्हापासून काही दिवस बटाटा खाल्ला नाही. कोणाला सांगितलं मात्र नाही.

काकांनी मला गाडी चालवायला शिकवली. आमच्याकडे हिंगणघाटला बाबांची सायकल होती, तेवढंच. शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ते शेजारी बसून एकच वाक्य म्हणायचे, "उजवीकडे, भाडेकरू, नेहमी उजवीकडे. इकडे डावीकडे मरण आहे." मी लायसन्स काढलं तेव्हा त्यांनी मला बर्फी दिली आणि स्वतः गाडी चालवत घरी आणलं, कारण त्यांची गाडी ते कोणालाही देत नसत. ती जुनी निळी गाडी म्हणजे त्यांचा कॉपी शॉपचा रस्ता होता, ग्रोसरी होती, लायब्ररी होती. कॅरीत गाडीशिवाय माणूस घराच्या फाटकापर्यंतच जातो. ताईंना हे माहीत होतं, म्हणून दर रविवारी संध्याकाळी फोन आला की काकांशी बोलून झाल्यावर त्या मला विचारायच्या, "ऑल ओके ना? ड्रायव्हिंग वगैरे नीट करतात ना बाबा?" मी म्हणायचे, "हो ताई."

दुसऱ्या वर्षी, मेच्या सुरुवातीला, एका रविवारी आम्ही मॉरिसव्हिलच्या ग्रोसरीतून परत येत होतो. सूर्य खाली गेला होता आणि रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंना उंच झाडी, खिडकीतून हनीसकलच्या फुलांचा गोड वास, मांडीवर कढीपत्त्याची पिशवी. काका सांगत होते की सरकारने अखेर चौकशी मंडळ नेमलंय, ते बोटीने बेटावर निघालंय, कुळांना स्वतः बोलावून विचारणार आहे. तिथला रस्ता कसा पाण्याच्या कडेने जातो, ढग कसे हाताला लागतील इतके खाली येतात, मेंढ्या कशा मध्येच बसून राहतात. सिग्नलला ते वळले. बोलत राहिले. मी ऐकत राहिले. मला ते पाणी दिसत होतं.

समोरून ट्रक आला आणि त्याने जोरात भोंगा वाजवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही डाव्या बाजूने चाललोय.

"काका, उजवीकडे!"

त्यांनी गाडी वळवली. कढीपत्ता सगळा पायांत सांडला. ट्रक भोंगा वाजवतच निघून गेला. पुष्कळ पुढे गेल्यावर काका म्हणाले, "रस्ता रिकामा होता."

मला खरी भीती वाटली ती ट्रकची नाही. डावीकडून जाताना मलासुद्धा काही वेगळं वाटलं नव्हतं. आम्ही दोघंही डावीकडच्या देशांतून आलो होतो, आणि तेवढा वेळ त्या गाडीत इथलं कोणीच नव्हतं.

घरी पोचल्यावर किल्ली खुंटीला लावून ते म्हणाले, "ताईला सांगायची गरज नाही. मागच्या महिन्यातही एकदा झालं होतं, पण लगेच लक्षात आलं. तिला कळलं तर ती मला उचलून फ्रीमाँटला नेईल आणि घर विकून टाकेल." मग माझ्याकडे न बघता, "मग तूही कुठे जाशील?"

त्यांनी ते धमकी म्हणून म्हटलं नव्हतं, खरंच काळजीने म्हटलं होतं. तेवढ्या भाड्यात युनिव्हर्सिटीच्या जवळपास मला कुठेच खोली मिळाली नसती. तासाभराने फोन आला. ताईंनी विचारलं आणि मी म्हणाले, "हो ताई."

त्या आठवड्यात मी लॅबमध्ये मातीचे नमुने चाळत होते आणि मला सारखा तो भोंगा ऐकू येत होता. काकांना काही झालं तर? समोरून येणाऱ्या गाडीत कोणाचं मूल असलं तर? आणि सांगितलं तर? बेन ली, कॉपी शॉप, शनिवार, सगळंच जाईल. बाबांना फोन केला. आडून आडून विचारलं. बाबा म्हणाले, "मोठ्या माणसाच्या भानगडीत आपण पडू नये बेटा." मग म्हणाले, "त्यांना कोणी आहे का तिकडे, तुह्याशिवाय?"

शनिवारी डेकवर गेले तेव्हा काका आधीच वाचत होते. चौकशी मंडळ बेटावर पोचलं होतं आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी पहिली बैठक भरली होती.

"पहिला साक्षीदार उभा राहिलाय," काका म्हणाले. "साधं कूळ आहे. गेलिक बोलतो, दुभाष्या त्याचं इंग्रजी करून सांगतोय. त्यांनी विचारलं, तुमच्या अडचणी काय? तर हा काय म्हणतोय बघ." त्यांनी बोट ओळीवर ठेवलं. "म्हणतो, आधी मला आश्वासन द्या. खरं बोललो म्हणून मला जमिनीवरून काढणार नाही असं आश्वासन. नाहीतर माझ्या घरी चूल पेटायची नाही. असं होताना मी पाहिलंय, म्हणतो." काकांनी ओळीवर परत बोट फिरवलं. "बघ काय हिंमत आहे. आधी आश्वासन, मग साक्ष."

"मग दिलं का त्यांनी?"

"अध्यक्ष म्हणतात, ते आमच्या हातात नाही. जमीनदाराचा कारभारी तिथेच बसलाय, त्याला विचारा."

हे सगळं मला माहीत होतं. पुस्तकात एका वाक्यात होतं. पण काकांच्या बोटाखाली ते नुकतंच होत होतं, आणि तो माणूस अजून उभाच होता.

"काका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत म्हणाले. "काका, मला काहीतरी बोलायचंय. पण आधी आश्वासन पाहिजे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कसलं?"

"मला घरातून काढणार नाही असं."

त्यांना कळलं असावं. कागद त्यांनी मांडीवर ठेवला. चष्मा काढून त्यांनी कागदावर ठेवला.

"इथे साहेबही मीच आणि कारभारीही मीच," ते म्हणाले. "दिलं. बोल."

मी बोलले. फार वाईट बोलले, वाक्यं अर्धी सुटत होती. रस्ता रिकामा नव्हता काका, ट्रक होता. तुम्ही मला सांगितलं होतं डावीकडे मरण आहे. मी ताईंना एकदा हो म्हणाले, आता परत म्हणवत नाही. तुम्ही यापुढे गाडी चालवू नका.

"मी चाळीस वर्षं गाडी चालवतोय या देशात," ते म्हणाले. "एक तिकीट नाही."

"हो काका."

"कालची आलेली पोर तू. मीच शिकवलं तुला."

"हो."

ते उठले, टोपी सारखी केली आणि आत गेले. पेपर खुर्चीवर राहिला. दिवसभर वर पावलं वाजत होती. मी दही आणायला वर गेले नाही.

रविवारी संध्याकाळी फोन वाजला आणि जिन्यावरून हाक आली, "भाडेकरू, वर ये."

काका डायनिंग टेबलाशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, कोट, डोक्याला टोपी नाही. फोन स्पीकरवर. शेजारची खुर्ची त्यांनी ओढून ठेवली होती, पण मी उभीच राहिले.

"ऐक," ते फोनमध्ये इंग्रजीत म्हणाले, "माझ्या भाडेकरूला साक्ष द्यायची आहे. ती घाबरते आणि मराठीत बोलते. मी दुभाष्या आहे."

"बाबा, व्हॉट? आय अंडरस्टँड मराठी!"

"रीत आहे. मध्ये बोलू नकोस." मग माझ्याकडे वळून, "सांग. मागच्या रविवारी काय झालं?"

मी म्हणाले, "काकांनी गाडी डाव्या बाजूने चालवली."

"शी सेज," काका म्हणाले, "आय ड्रोव्ह ऑन द लेफ्ट."

"समोरून ट्रक आला."

"देअर वॉज अ ट्रक." ते थांबले. "अ बिग वन."

मोठा होता असं मी म्हटलं नव्हतं.

"मागच्या महिन्यातही झालं होतं, असं काका म्हणाले." ते त्यांनी सांगितलं. "मला भीती वाटते." तेही सांगितलं. मी वाट बघत होते की कुठेतरी ते शब्द मऊ करतील, निदान 'चुकून' असं घालतील. माझी स्वतःचीच वाक्यं मी मऊ केली असती. त्यांनी एकही केलं नाही. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून, सरळ बसून, ते स्वतःच्या विरुद्धची साक्ष नीट, स्पष्ट इंग्रजीत सांगत गेले. शेवटी तिकडून ताईंचा रडण्याचा आवाज आला आणि तेव्हा काकांनी भाषांतर थांबवलं.

"झालं," ते म्हणाले. "साक्षीदाराला बसायला सांगा." आणि मी बसले.

गाडीची किल्ली खुंटीवरच राहिली. पुढच्या शुक्रवारी ती त्यांनी स्वतः काढून माझ्यासमोर धरली. "कॉपी शॉप. तू चालव." सबंध रस्ता ते खिडकीबाहेर बघत होते. वळणावर मात्र पुटपुटले, "उजवीकडे."

ताई त्यांना त्या वर्षी हिवाळ्याआधी घेऊन गेल्या. जाण्याआधी घराचं काय करायचं यावरून बापलेकीत खूप वाद झाला, अर्धा इंग्रजीत, अर्धा मराठीत. मी खालून ऐकत होते. काका एकच म्हणत होते, "भाडेकरूला आश्वासन दिलंय. तिची डिग्री होईपर्यंत घराला हात लावायचा नाही." ताई दमून म्हणाल्या, "बाबा, दॅट वॉज अ गेम!" त्यावर काका काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. घर विकलं गेलं नाही एवढं खरं.

म्हणून मी अजून इथे आहे. पीएचडीचं हे पाचवं वर्ष. वरचा मजला मी झाडते, कुंड्यांना पाणी घालते, पण वरच्या फ्रिजचा खालचाच कप्पा वापरते. फ्रीमाँटला काकांची नजर अधू झाली, तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी मी इथे डेकवर बसून त्यांना फोनवर अंक वाचून दाखवते. तिकडे तेव्हा दुपार असते. मधल्या दिवसांत कधीकधी त्यांचा फोन येतो आणि ते विचारतात, "या आठवड्यात काय झालं गं?" मी पुन्हा वाचते. त्यांना सगळं नवीन असतं. ताई सांगतात की आता कधी कधी काकू कुठे गेल्या हेही विचारतात. स्काय मात्र नीट आठवतं, धुक्यासकट.

मागच्या शनिवारी आम्ही शहाऐंशीच्या जूनमध्ये पोचलो. मला माहीत होतं की हा आठवडा येणार. पाच वर्षं माहीत होतं. कागद हातात धरला तर अंगणात काजवे चमकायला सुरुवात झाली होती, आणि मला उगीच बाबांसारखं आधी चहा करून आणावासा वाटला.

"वाच ना," काका म्हणाले.

मी वाचलं. पार्लमेंटने कायदा केला. डोंगराळ भागातल्या आणि बेटांवरच्या कुळांना, ठरलेला खंड देत असतील तोवर, कोणालाही जमिनीवरून काढता येणार नाही. मी मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत, मग परत मराठीत.

मला वाटलं झोप लागली.

"म्हणजे नाही काढता येणार?"

"नाही काका."

"कोणालाच?"

"कोणालाच नाही."

"ॲबर्डीनची ती, चहा ओतायची ना," ते म्हणाले, "तिला माहीत असणार. मी निघालो तेव्हा तिने सांगितलंच नाही." मग एकदम विचारलं, "तू भाडं देतेस ना वेळेवर?"

"हो. ताईंना देते."

"मग आता मला तुला काढता येणार नाही. कायदाच झाला."

मला हसू आलं. "काका, तुम्ही मला आधीच आश्वासन दिलं होतं. इथेच, डेकवर."

"मी?" ते आठवायचा प्रयत्न करत होते. मला ते फोनमधूनही कळत होतं. टोपी सारखी केली असावी. "दिलं होतं का? कधी?"

"दिलं होतं. आणि पाळलंही."

"मला नाही गं आठवत." जरा वेळाने त्यांचा आवाज मोकळा झाला, एखादं ओझं दुसऱ्या कोणी उचलल्यासारखा. "बरं झालं मग, कायदा झाला ते. माणूस विसरतो."